ऑपरेशनची भीती

मोठं ऑपरेशन करायचं ठरलं, की माणसाची झोप उडते. धाडचा माणूस बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात, नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जायला निघतो. रस्ता ओळखीचाच असतो. पण त्या दिवशी छाती धडधडते. भूल दिल्यावर जाग येईल ना? मागं लेकराबाळांचं कसं होईल? अशी भीती कुणालाही वाटते. त्यात लाज नाही.

गांधीजींची गोष्ट पाहा. १९२४ साली ते येरवड्याच्या तुरुंगात होते. पोटाच्या दुखण्यानं त्यांना पुण्याच्या ससून दवाखान्यात आणलं. १२ जानेवारीच्या रात्री ऑपरेशन ठरलं. डॉक्टर होते कर्नल मॅडॉक. या डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, असा कागद गांधीजींनी आधी लिहवून घेतला. आजारानं हात थरथरत होता. त्यांनी ते लपवलं नाही. डॉक्टरांना बोलून दाखवलं. डॉक्टरांनी धीर दिला. मग ऑपरेशन चालू असताना वीज गेली! तरी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. गांधीजी बरे झाले.

आपणही मनातलं डॉक्टरांना विचारावं. काय बिघडलं आहे? काय कापणार? किती दिवस राहावं लागेल? काही धोका आहे का? माहिती मिळाली, की मनातलं भूत लहान होतं. भूल देणारे डॉक्टर वेगळे असतात. ते ऑपरेशन संपेपर्यंत तिथंच असतात. नाडी, श्वास, रक्तदाब पाहत राहतात.

त्यांच्यापासून काही लपवू नका. दमा, साखर, रक्तदाब असेल तर सांगा. चालू गोळ्या दाखवा. झाडपाल्याचं औषध घेत असाल, तर तेही सांगा. तंबाखू-विडी आजच बंद करा. विडीनं छातीत कफ होतो. जखमही लवकर भरत नाही.

डॉक्टर उपाशी राहा म्हणतात, त्याला कारण आहे. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून चोरून चहासुद्धा पिऊ नका.

खर्चाची काळजी वाटते? रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ असतो. त्याला आधी भेटा. गुराढोरांचं, शेताचं काम घरच्यांत वाटून द्या.

आदल्या रात्री झोप येत नसेल, तर डोळे मिटा. नाकानं सावकाश श्वास घ्या. सावकाश सोडा. असं दहा वेळा करा. जवळच्या माणसाशी बोला. ‘अमक्याचं असं झालं, तमक्याचं तसं झालं’ असं सांगत बसणाऱ्यांना मात्र दूर ठेवा.

ऑपरेशनच्या आधी एका कागदावर सही मागतात. तो संमतीचा कागद. आता आपल्याला वाचता येतं. तेव्हा तो स्वतः वाचा. अडलं तर विचारा. समजलं, की मगच सही करा. हात थरथरला तरी चालेल.