भंगारात देण्याआधी

भांडुप पश्चिमेला जुन्या चाळी-झोपड्या पडून त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर 300 चौरस फुटांचं. सामान बांधताना घरोघरी एकच वाद: हे ठेवायचं की भंगारात द्यायचं? त्या वादात ठामपणे बोलल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नसतात.

‘जुन्या वस्तूंत जीव अडकणं हा आजारच.’
साठवणुकीचा विकार खरोखर आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत 2013 साली त्याची स्वतंत्र नोंद झाली. पण त्यात माणसाला काहीच टाकवत नाही, टाकायच्या विचारानेच तो कासावीस होतो आणि घरात वावरायला जागा उरत नाही. आजीची एक कळशी जपणं म्हणजे आजार नव्हे.

‘जपायची तर मौल्यवान वस्तू जपावी.’
शिकागोच्या दोन संशोधकांनी 82 कुटुंबांतल्या 315 जणांना घरातल्या लाडक्या वस्तूंबद्दल विचारलं. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोक किमतीपेक्षा माणसांविषयी आणि आठवणींविषयीच जास्त बोलले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयाला आपल्या दिवंगत मुलाचं, राजाचं नाव दिलं.

आपल्या घरातलं नाव घातलेलं स्टीलचं पातेलं काढून बघा. काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला. चाळीत वाटीभर आमटी शेजारी जायची, पंक्तीला सगळ्यांची भांडी एकत्र यायची, म्हणून नावं घालावी लागत. भंगारवाला त्याचे किलोवर पैसे देईल. पण ते देणाऱ्या मामाच्या ऐपतीचा, हौसेचा असा लेखी पुरावा घरात दुसरीकडे क्वचितच सापडेल. मला ते दागिन्याहून मोलाचं वाटतं.

‘सुख अनुभवात असतं, वस्तूत नाही.’
व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच यांचा 2003 चा अभ्यास यासाठी पुढे केला जातो. तो होता खर्चाबद्दल: वस्तू विकत घेण्यापेक्षा अनुभवावर केलेला खर्च लोकांना जास्त सुख देतो. आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी या हिशेबात बसतच नाही.

‘वस्तू गेली की आठवणही गेली.’
2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात, देण्याआधी वस्तूचा फोटो काढा असं सुचवल्यावर वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी जास्त वस्तू दान केल्या. म्हणजे सगळंच ठेवायची गरज नाही. फोटो काढाच, पण ती वस्तू कुणाची, कुठली, हेही सोबत लिहा. नातवंडांना नुसत्या फोटोवरून काय कळणार?

‘प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं की टिकतं.’
मुंबईच्या पावसाळ्यात आत कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी धरते. कपडे सुती कापडात गुंडाळा. पाऊस सरला की गोधडीला ऊन दाखवा. रेशमी लुगडं मात्र सावलीत वाऱ्यावर टाका आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर जरीचे धागे त्याच रेषेवर तुटतात.