उपदेशाचे अजीर्ण

एका आदर्श माणसाची सकाळ पाहू. पहाटे पाचला उठायचे. तोंड न धुता तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायचे. तेही बसून, कारण उभ्याने प्यायले की म्हणे गुडघे जातात. नंतर कोमट पाण्यात लिंबू आणि मध. रात्री भिजवलेले बदाम सोलून, मेथीदाणे न सोलता. मग दहा हजार पावले चालायचे. हे सारे आटोपून गृहस्थ कसेबसे ऑफिसला पोचतात, तोच मोबाईलवर निरोप येतो : ‘सतत धावपळ केल्याने ब्लडप्रेशर वाढते!’

वाचकहो, पूर्वी सल्ला द्यायला शेजारी आणि सासुरवाडी एवढेच होते. आता तो खिशात वाजतो. यातले आकडे कुठून आले, हे पाहिले तर मोठी करमणूक होते.

आठ ग्लास पाण्याचे घ्या. १९४५ साली अमेरिकेतल्या एका सरकारी सल्लागार मंडळाने माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे सांगितले. लगेच पुढे असेही म्हटले होते की, यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते. लोकांनी पहिले वाक्य उचलले, दुसरे तिथेच राहिले! आपल्या वरण-भातात, ताकात, भाजीत, चहात पाणीच असते की.

दहा हजार पावलांचा आकडाही काही दवाखान्यातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. नाव चांगले होते, ते चिकटले. २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांची पाहणी झाली. तीत साडेसात हजारांच्या आसपास पावलांनंतर फायदा फारसा वाढत नाही असे दिसले. साडेचार हजारांनीही चांगला गुण होता. तेव्हा आकडा भरला नाही म्हणून रात्री दहाला माजघरात येरझाऱ्या घालू नयेत. घरच्यांना झोपू द्यावे.

बोटे मोडल्याने संधिवात होतो, हेही आपण ऐकत आलो. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांना लहानपणी आईने हेच सांगितले. त्यांनी साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची नाही. संधिवात दोन्ही हातांना नाही! २००९ साली त्यांना या कामासाठी ‘इग नोबेल’ हे गमतीचे पारितोषिक मिळाले. एका माणसाच्या दोन हातांवरून शास्त्र ठरत नाही, पण हौस दांडगी. दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडण्याचे परिणाम मात्र अजून कोणी तपासलेले नाहीत.

इथवर हसण्यासारखे आहे. पुढचे नाही.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. हृदय कमजोर आहे. दिवसभरात सगळे मिळून दीड लिटरच्या वर पाणी घेऊ नका, असे मी त्यांना बजावले होते. एके दिवशी मुलाने त्यांना धरून आणले. पाय सुजलेले, धाप लागलेली, रात्री आडवे होता येत नव्हते.

‘गुरुजी, पाणी किती पिता?’

‘रोज चार लिटर, डॉक्टर. एक दिवस चुकवलेला नाही.’

पाण्याने शरीर शुद्ध होते, हा निरोप त्यांना रोज सकाळी येत होता. माझा सल्ला एकदाच मिळालेला, आणि मीही शहाणा, केसपेपरवर तो इंग्रजीत लिहिलेला! सात दिवस ते इस्पितळात होते. सुदैवाने सुधारले. त्या दिवसापासून अशा सूचना मी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो.

सर्वांना सारखा लागू पडणारा सल्ला आपल्याला लागू पडेलच असे नाही. निरोगी माणसाने तहान लागेल तसे प्यावे. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. उन्हात राबणाऱ्याला आणि मुतखडा होऊन गेलेल्याला जास्त लागते. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी कळते, त्यांना आठवणीने द्यावे. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना विचारून.

खरे उपयोगाचे सल्ले थोडे आणि नीरस आहेत. तंबाखू, मिसरी सोडा. ब्लडप्रेशरची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नका. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी द्या, अंगावरचे दूध तोडू नका. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हेल्मेट डोक्यावर घाला. तांब्याची बाटली जपून पिशवीत आणि हेल्मेट आरशाला लटकवलेले, असे आरोग्यप्रेमी मी रोज पाहतो.

एवढे पाळा आणि बदाम सालासकट खा. माझी हरकत नाही.