शिवणवर्गाची जागा सुटली, वर्ग टिकवू या



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना वस्तीवरच्या कितीतरी घरांतून शिवणयंत्राचा आवाज कानी येतो. दाराला 'ब्लाऊज शिवून मिळेल, पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी असते. कुठे शिकलात म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "बाईंच्या क्लासला."

तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडमागे माडीवर भरणाऱ्या या शिवणवर्गाने नुकतीच आपली जागा सोडली. मशिनी जिन्यावरून खाली उतरत होत्या, तेव्हा मी तेथे गेलो होतो.

"बाई, इतकी वर्षं चालवलात, आणि आता बंद?"

"क्लास चालत नाही असं नाही, साहेब. भाडं चालत नाही," बाई म्हणाल्या.

हिशेब साधा आहे. भाडेकरार अकरा महिन्यांचा. नवा करार आला की भाडे वाढते. विजेचा दर दुकानाचा. मुली मात्र बारमाही नसतात. मे महिन्यात वर्ग भरतो, भांगलणीच्या दिवसांत निम्मा रिकामा होतो. फी बहुतेकींची उसाचे बिल जमा झाल्यावर येते. भाडे त्यासाठी थांबत नाही. त्यात तयार कपडे स्वस्त झाले आणि कटिंग मोबाईलवर दिसू लागले.

मोबाईलवर दिसते हे खरे, पण हातात येते का? बाईंच्या वर्गात पहिले काही दिवस सुईत दोराच नसे. वहीच्या रेघी कागदावर रिकामी सुई चालवायची, म्हणजे पायाला पायट्याची सवय लागते. मग धावदोरा, तुरपाई, काज-बटण. पुढे जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग. झबले-टोपडे, परकर, आणि शेवटी ब्लाऊज. मुंढ्यात अर्ध्या इंचाची चूक झाली तरी ब्लाऊज अंगाला ओढतो. ती चूक कुणीतरी शेजारी बसून बोटाने दाखवावी लागते.

आता बाई दोन मशिनी टेंपोत घालून गावोगाव शिकवणार आहेत. एका गावाला आठवड्यातून दोन दिवस. यात फायदा आहे. लेकुरवाळ्या बायकांना आणि गाडीभाडे न परवडणाऱ्या मुलींना दारात शिकायला मिळेल. पण तोटाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्या गावची एक सभासद भगिनी मला म्हणाली, "भाऊ, क्लासच्या निमित्तानं तरी उंबरा ओलांडता यायचा. आता त्याच गल्लीत, त्याच बायकांत." आठ मशिनींवर एका वेळी आठजणी शिकत, आता पाळी लावावी लागेल. माडीवरची पाटी पाहून येणारे गिऱ्हाईकही तुटले.

तरीही जागेवाचून काम होत नाही असे नाही. 1959 साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, लाटून पापड आणून द्यायचे, या पद्धतीने हजारो बायकांचे घर हाच कारखाना झाला. पण पीठ भिजवायला आणि पापड मोजून घ्यायला एक ठिकाण लागतेच. शिवणवर्गालाही गावात तेवढा टेकू हवा.

आपल्या भाषेत सांगायचे तर लावण निघाली, आता खोडवा राखायचा आहे. आणि खोडवा आपोआप येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बुडखे छाटावे लागतात, पाचट पसरावे लागते, खत वेळेवर द्यावे लागते. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

एक, आपापल्या विकास सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना भेटून आठवड्यातून दोन दिवस एक खोली मागून घ्या. उजेड, पंखा आणि मशीन ठेवायला कुलूप, एवढे पुरे. दोन, कितीतरी घरांत लग्नात आलेली मशीन चादरीखाली पडून आहे. तिला तेल द्या, पट्टा बदला आणि शिकणाऱ्या मुलीला वापरू द्या. तीन, फी वर्ग सुरू होतानाच द्या. उसाचे बिल लांबले की आपली काय अवस्था होते, ते आपण जाणतो. मग बाईंचे बिल आपण का लांबवावे?

ज्यांचे हात शिवणात तयार झाले आहेत, त्यांनी 2023 साली सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तीत शिंपीकामासह 18 व्यवसाय असून, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

निरोप घेताना बाईंच्या हातात कागदी नमुन्यांची गुंडाळी होती. "भिंत गेली, आता हे टांगू कुठं?" त्या म्हणाल्या. याचे उत्तर कोणत्या गावाने आधी द्यायचे, ते आता आपण ठरवू या.