बँड कोणाच्या नावावर जगतो?

‘बँड’ म्हटले की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. लाल कोट, पितळी वाजंत्री आणि एकाच्या गळ्यात अडकवलेला भला मोठा ढोल. त्या ढोलाच्या चामड्यावर बँडचे नाव रंगवलेले असते. वाजवणारी माणसे हंगामागणिक बदलतात. कोणी शेतीला लागतो, कोणी दुसऱ्या बँडात जातो, कोणाचा दम कमी होतो. वरपक्ष मात्र ढोलावरचे नाव पाहूनच सुपारी देतो. नाव एक आणि माणसे वेगळी, याचे आपल्याला काही वाटत नाही.

मित्रहो, आज ज्या बँडबद्दल बोलायचे आहे तो वरातीतला नाही. पण प्रश्न हाच आहे. माणसे बदलली तर बँड तोच राहतो का? आणि माणसे तीच ठेवून नाव बदलले तर?

रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांची मंडळी. त्यात बहुधा दोन गिटारी असतात. एक पुढे येऊन ताना घेते, तिला लीड म्हणतात. दुसरी मागे राहून ठेका धरते, ती ऱ्हिदम. तिसरे वाद्य बेस, म्हणजे खर्जातली गिटार. मग ड्रम आणि गायक. आपल्या भजनी मंडळाशी ताडून पाहा: पेटी, मृदंग, टाळकरी आणि पुढे बुवा. फरक इतकाच की, इथे सगळे विजेवर चालते. गिटारीचा सूर मुद्दाम फाटेपर्यंत चढवला, ड्रमचे ठोके जड केले आणि गायकाने टिपेला जाऊन गायले, की त्या संगीताला हेवी मेटल म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटतो. नीट ऐकले तर त्यातही सम असते आणि सगळे मिळून समेवर येतात.

असा एक बँड आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईत १९८४मध्ये उभा राहिला. नाव होते रॉक मशीन. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रमवर. सुरुवातीच्या मंडळींपैकी काही जण गळाले, काही नवे आले. गाण्यावर उदय बेनेगल स्थिरावले, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी आले, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया आले. आडनावेच पाहा. कोकणी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती. मुंबई नावाचे गाव एका रंगमंचावर उभे केल्यासारखी ही मंडळी होती.

त्या काळी इंग्रजी रॉक वाजवणारे भारतीय बँड परदेशी गाणीच वाजवत. श्रोत्यांनाही तेच हवे असे. कॉलेजांची स्नेहसंमेलने आणि मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे त्यांचे आखाडे. रंगभवनातले कार्यक्रम पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडले, पण त्या उघड्या रंगमंचावर रॉकच्या एका पिढीचे कान तयार झाले. रॉक मशीनने धाडस केले ते स्वतःची गाणी लिहून वाजवण्याचे. १९८८मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम आला आणि १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’. इंटरनेट नव्हते, खासगी वाहिन्या नव्हत्या; होत्या त्या कॅसेटी आणि रेल्वेचा प्रवास. ही मंडळी देशभरच्या कॉलेजांतून वाजवत फिरली.

१९९१मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि एमटीव्ही नावाची, दिवसभर गाणी दाखवणारी वाहिनी घराघरांत दिसू लागली. हाँगकाँगहून चालणाऱ्या त्या वाहिनीवर मुंबईच्या पोरांची चित्रफीत झळकली. त्यानंतर १९९३मध्ये बँडने एक विलक्षण गोष्ट केली. नाव गाजत असताना त्यांनी ते बदलले. रॉक मशीनचे इंडस क्रीड झाले. इंडस म्हणजे सिंधू, क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा पंथ. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडला शोभले असते. नव्या नावात आपली नदी होती. माणसे तीच, ढोलावरचे अक्षर नवे. त्याच वर्षी त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या पुरस्कारांमध्ये आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आला.

आणि १९९७मध्ये बँड थांबला.

असे का व्हावे? माणसे होती, पुरस्कार होता, गाणी होती. उत्तर त्या काळच्या बाजारात सापडते. १९९४मध्ये एमटीव्ही आपल्याकडच्या उपग्रह वाहिन्यांच्या त्या घरातून बाहेर पडली आणि तिच्या जागी चॅनल व्ही आली. १९९५मध्ये अलिशाचा ‘मेड इन इंडिया’ आला, दलेर मेहंदींचा भांगडा आला. हिंदी आणि पंजाबी पॉपची लाट उठली. कंपन्यांना आणि वाहिन्यांना इंग्रजीत गाणाऱ्या बँडची गरज उरली नाही. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी आणि जयेश गांधींनी ‘आम्स फॉर शांती’ नावाने वेगळे संगीत केले. बाकीचे आपापल्या कामाला लागले.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो. ती ऑस्ट्रेलियातली आहे. १९६३मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून यंग नावाचे मोठे कुटुंब सिडनीला स्थायिक झाले. त्यातल्या माल्कम आणि अँगस या भावांनी १९७३मध्ये बँड काढला. शिवणयंत्रावर विजेच्या प्रवाहाची खूण म्हणून ‘एसी/डीसी’ लिहिलेले असते. ते बहिणीच्या नजरेत भरले आणि तेच नाव झाले. जग त्यांना हेवी मेटलवाले म्हणते. ते स्वतः म्हणतात, आम्ही नुसते रॉक अँड रोल वाजवतो. धाकटा अँगस शाळेचा गणवेश घालून रंगमंचभर धावत लीड वाजवी. थोरला माल्कम मागे, ड्रमच्या शेजारी उभा राहून ठेका धरी. लोक अँगसला पाहत. बँड मात्र माल्कमवर उभा होता.

या बँडची माणसे किती बदलली, ते मोजावे लागते. पहिला गायक डेव्ह इव्हान्स वर्षभरात गेला आणि १९७४मध्ये बॉन स्कॉट आला. त्याच्या आवाजावर बँड जगभर पोचला. १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. कोणताही बँड तिथे मोडला असता. यांनी काही आठवड्यांत इंग्लंडच्या उत्तरेकडचा ब्रायन जॉन्सन हा गायक निवडला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम आणला. मुखपृष्ठ काळे, कारण सुतक होते. पहिल्या गाण्याची सुरुवात घंटेच्या टोलांनी. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते.

ड्रमवाला फिल रड १९८३मध्ये गेला, १९९४मध्ये परत आला, मध्ये दोघांनी त्याची जागा चालवली. पुढेही त्याचे जाणे-येणे झाले. खरा घाव २०१४मध्ये बसला. माल्कमला स्मृतिभ्रंश झाला. त्याआधीच्या दौऱ्यात तो स्वतःचीच गाणी पुन्हा पुन्हा शिकून घेत होता, असे अँगसने नंतर सांगितले. ज्याने ठेका बांधला त्यालाच ठेका आठवेना! माल्कमने बँड सोडला आणि १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तो गेला. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग उभा राहिला. तो नवखा नव्हता. १९८८मध्ये माल्कमने काही काळ सुट्टी घेतली तेव्हाही त्यानेच जागा सांभाळली होती. २०१६मध्ये ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी बजावले की, दौरे थांबवले नाहीत तर ऐकू येणे बंद होईल. उरलेला दौरा अमेरिकेतला ॲक्सल रोझ गायला. २०२०मध्ये जॉन्सन परतला, ‘पॉवर अप’ हा अल्बम आला आणि तो माल्कमला अर्पण केला होता. २०२४च्या दौऱ्यात बेस आणि ड्रमवर पुन्हा नवी माणसे होती. १९७३च्या मंडळींपैकी रंगमंचावर उरला एकटा अँगस. तरीही मैदाने भरली.

पुतण्याने काकाची जागा घेणे आम्हा कव्वाली ऐकत वाढलेल्यांना नवे नाही. नुसरत फतेह अली खाँ यांनी १९७१मध्ये काकांच्या पश्चात घराण्याच्या पार्टीचे नेतृत्व घेतले आणि १९९७मध्ये ते गेल्यावर वारसा पुतणे राहत यांच्याकडे आला. कव्वालीत मुख्य गायकाच्या मागे टाळ्या देणारे, ओळ उचलून धरणारे हमनवा बसतात. त्यांची नावे पोस्टरवर नसतात. पण गायकाने ओळ सोडली की ती खाली पडू न देण्याचे काम त्यांचे. यंग घराण्यानेही नकळत तीच रीत पाळली. ठेका घरातच शिकवलेला होता, म्हणून तो तुटला नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक सूत्र हाती येते. बँडला दिसणारा माणूस एक असतो, पण जगवणारे दोघे असतात: मागे ठेका धरणारा आणि समोर ऐकणारा. गायक बदलला तरी लोक कुरकुर करत का होईना, ऐकतात. ठेका गेला तर गाणे मोडते. आणि ऐकणारा गेला, तर ठेका शाबूत असूनही बँड थांबतो. एसी/डीसीकडे दोघेही होते. इंडस क्रीडकडे ठेका होता, पण ऐकणाऱ्याला बाजाराने दुसरीकडे वळवले. नाव बदलल्यामुळे बँड संपला, असे मला वाटत नाही. कारण २०१०मध्ये हाच बँड इंडस क्रीड याच नावाने पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. तोवर देशात स्वतःची गाणी करणाऱ्या बँडांना ऐकणारी नवी पिढी तयार झाली होती, पुण्यात २०१०पासून एनएच७ वीकेंडरसारखा महोत्सव सुरू झाला होता. ऐकणारा परत आला, तसा बँड परत आला.

हे सगळे गोंडपिपरीत बसून कशाला सांगायचे, असे कोणी विचारील. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. वडसा हे त्याचे मुख्य ठाणे. मंडई असो, शंकरपट असो, रात्रभर नाटक चालते, ते पहाटेपर्यंत. तिथल्या नाटक मंडळांमध्ये दर हंगामात नट इकडचे तिकडे होतात. २०२३मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात जो आनंद झाला तो एका नटापुरता नव्हता. त्याहून जुनी आमची दंडार. तिला कोणा नटाचे नाव नसते. ती अमक्या गावची दंडार म्हणूनच ओळखली जाते. माणसे म्हातारी होतात, पोरे त्यांच्या जागी उभी राहतात, नाव गावाचेच राहते.

आमच्या तालुक्यातल्या एका गीत-कव्वालीच्या पार्टीला मी काही गाणी लिहून दिली होती. पार्टी फुटली. गायक एकीकडे गेला, ढोलकी आणि पेटी दुसरीकडे. दोघांनीही जुनेच नाव लावले. एके दिवशी दोन्हीकडची पोरे माझ्या दारात आली. “चाचा, आता तुमीच सांगा, खरी पार्टी कोनाची?” मी म्हटले, “तुम्हाला एकदा ऐकलेले गाव पुढच्या वर्षी पुन्हा कोणाला बोलावते, ते पाहा.” गायकाची पार्टी दोन हंगाम चालली. ढोलकीवाल्याची अजून चालते आहे. तिच्यात गायक मात्र आता तिसरा आहे. माझी गाणी तीच आहेत.

मी कवी माणूस. कविता लिहिताना साथीला कोणी लागत नाही, त्यामुळे या भांडणांपासून मी दूर असतो. पण एक गोष्ट डोळ्यांना दिसते. धान कापून झाले की आमच्याकडची पोरे तेलंगणात मिरची तोडायला जातात, काही चंद्रपूर-बल्लारपूर-नागपूरला कायमची जातात. दंडारीचा हंगाम आणि पोट भरण्याचा हंगाम एकच येतो. जाणाऱ्याला अडवता येत नाही आणि अडवूही नये. मात्र गेल्या पिढीतल्या ढोलकीवाल्याने जाण्याआधी एखाद्या पोराचा हात ढोलकीवर बसवून दिला, तर जागा रिकामी राहणार नाही. स्टीव्ही यंग असाच तयार झाला होता.

आणि दुसरे काम आपले, समोर बसणाऱ्यांचे. थंडीची रात्र असते, घरी पडद्यावर सगळे जग हजर असते, चादर पांघरून दंडारीला जाऊन बसायचा कंटाळा येतो. तरी जावे. ढोलावरचे नाव रंगाने लिहिलेले असते, रंग उडाला की पुन्हा लिहिता येते. ते वाचणारा समोर असला पाहिजे.