बाळाच्या आधी वार

बाळ रडलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. डॉक्टर मात्र अजून मोकळे झालेले नसतात. वार पडायची असते. पडली की ती उलटसुलट करून तपासतात, कारण एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव आटोक्यात येत नाही. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, वीतभर रुंद आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाड असते.

ही वार आईची, असं आपण धरून चालतो. आईच्या अस्तराचा थोडा भाग सोडला, तर ती बाळाची असते. फलनानंतर पाचव्या दिवशी गर्भ म्हणजे पेशींचा पोकळ गोळा. आतल्या थोड्या पेशींतून बाळ घडतं, बाहेरच्या थरातून वार. सहाव्या-सातव्या दिवशी गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि हा बाहेरचा थर कामाला लागतो. बाळाच्या हृदयाचा, मेंदूचा तेव्हा पत्ताही नसतो.

या थरातल्या पेशी एकमेकींत मिसळून जातात. मधल्या भिंती नाहीशा होतात आणि असंख्य केंद्रकं असलेलं एकच अखंड आवरण तयार होतं. ते अस्तर पोखरत आत शिरतं. पेशींना असं जोडणारं एक प्रथिन म्हणजे सिन्सिटिन. त्याचं जनुक मूळचं विषाणूचं, हे 2000 साली उघड झालं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना झालेली ती लागण वंशात कायमची मुरली. एचसीजी हे संप्रेरकही याच आवरणातून स्रवतं. घरी चाचणी केल्यावर उमटणारी दुसरी रेघ खरं तर वारेच्या हजेरीची असते!

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आवरणाला फुटलेल्या अंकुरांत रक्तवाहिन्या तयार होऊ लागतात. मग फांद्यांना फांद्या फुटत जातात. शेवटी या अंकुरांचं एकूण क्षेत्रफळ अकरा-बारा चौरस मीटर भरतं, म्हणजे एका खोलीएवढं. अंकुरांच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं. दोन्ही रक्ताभिसरणं वेगळी असतात, हे लंडनमध्ये विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी 1754 साली रक्तवाहिन्यांत मेण भरून दाखवलं.

मला सर्वांत नवल वाटतं ते पहिल्या तीन महिन्यांचं. या काळात आईचं रक्त वारेत जवळपास येतच नाही. गर्भाच्याच पेशी गर्भाशयाच्या धमन्यांची तोंडं बुजवून ठेवतात. कोवळ्या पेशींना फार प्राणवायू सोसत नाही. पोषण मिळतं अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास ही बुचं सुटतात. एव्हाना त्याच पेशींनी धमन्यांच्या भिंतींतले स्नायू काढून त्यांची तोंडं ऐसपैस केलेली असतात. आता आईच्या शरीराने ठरवलं तरी या वाहिन्या आकसत नाहीत. शेवटच्या महिन्यांत त्यांतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वारेत येतं. हे रुंदीकरण अपुरं राहिलं तर बाळाची वाढ खुंटू शकते. पाचव्या महिन्यानंतर आईचं बीपी चढतं त्या प्री-एक्लॅम्प्सियाचं मूळही बरेचदा इथेच असतं. गोळ्यांनी बीपी आवरता येतं. आजार मात्र वार बाहेर आल्यावरच ओसरू लागतो.

वार घडण्यात बापाचा वाटाही मोठा आहे. 1984 साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, केवळ मातेची गुणसूत्रं असलेल्या गर्भांची वार खुरटी राहिली. केवळ पित्याची असली की वार फोफावे आणि गर्भच खुरटे. माणसात होणारा पूर्ण द्राक्षगर्भ हा असाच प्रकार: गुणसूत्रं सगळी बापाची, पोटात फुगलेल्या अंकुरांचे घोस आणि बाळ नाहीच.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असं आलं की घरात काळजी पसरते. बहुतेकींच्या बाबतीत गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी वार तोंडापासून दूर सरकते. पुन्हा सोनोग्राफी करून ते पाहतात. आधी सिझेरियन झालं असेल आणि वार खाली, जुन्या व्रणावरच असेल, तर मात्र गाफील राहू नये. व्रणाच्या जागी अस्तर विरळ असतं. वार थेट स्नायूत रुतू शकते आणि बाळंतपणात सुटत नाही. अशा बाईचं बाळंतपण रक्तपेढी आणि अनुभवी सर्जन हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच, आधी तारीख ठरवून करावं लागतं.