छत्तीस फोटो आणि माजघरातला झोपाळा

दांडिया बाजारातला आमचा वाडा दिवाळीनंतर उतरवायचा ठरला, तेव्हा तिथल्या शेवटच्या गणपतीचे फोटो रोलवर काढायचे असे आम्ही भावंडांनी ठरवले. ट्रंकेतल्या काकांच्या मुंजीच्या निगेटिव्ह अजून धड आहेत; आमचे मागच्या दोन मोबाइलमधले फोटो मात्र मोबाइलबरोबरच गेले.

त्यासाठी कोडॅकचा एम३५ घेतला. हा प्लास्टिकचा, खिशात मावणारा कॅमेरा. एकदा वापरून टाकून देण्याच्या कॅमेऱ्यासारखाच साधा, पण यात रोल पुन्हा पुन्हा भरता येतो. कॅमेरा स्वस्त असला तरी रोल स्वस्त नाही. दोन-तीन रोल घेऊन धुऊन आणले की कॅमेऱ्याएवढे पैसे जातात, हे आधीच सांगून ठेवतो.

रोल भरणे अवघड नाही. फिल्मचे टोक ओढून उजवीकडच्या खाचेत अडकवायचे, कडेची भोके दात्यांवर बसवायची, झाकण लावायचे आणि आकडा १ वर येईपर्यंत चाक फिरवायचे. रोल संपल्यावर खालचे बटण दाबून फिल्म उलटी गुंडाळायची. हँडल अगदी सैल फिरू लागल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर फिल्मवर उजेड पडून फोटो जातात. घरातल्या लहानांना हे दोनदा सांगावे. मोठ्यांनाही.

आमची चूक वेगळीच झाली. या कॅमेऱ्यात काहीच बदलता येत नाही: भिंगाचे तोंड एफ/१० इतकेच उघडे आणि शटर सेकंदाच्या १२०व्या भागाचे. भर उन्हात २०० आयएसओच्या रोलसाठी हा उजेड गरजेपेक्षा जास्तच होतो, पण रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बराच सोसते. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. ट्यूबलाइट लावलेले माजघर आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते. प्रत्यक्षात तिथे उन्हाच्या मानाने शेकडो पटींनी कमी उजेड असतो. डोळा ते सांभाळून घेतो, मोबाइलही घेतो, हा कॅमेरा घेत नाही.

आजी माजघरातल्या झोपाळ्यावर बसून आरतीचे तबक लावत होती. शेजारचे गुजराती त्याला हिंचको म्हणतात, आणि आमची निम्मी मुलेही तेच म्हणतात. फ्लॅशने तिचे डोळे दिपतील म्हणून आम्ही तो बंद ठेवला आणि अकरा फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा चौकातले फोटो उत्तम होते: रांगोळी, मोदकांचे ताट, उन्हात उभी नातवंडे. कडा जरा पुसट, पण रंग असे की ते जुन्या अल्बममधलेच वाटावेत. माजघरातले अकराही फोटो काळे. निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली, तिथे जवळजवळ कोरी फिल्म होती.

दुसरा रोल ४०० आयएसओचा आणला. फ्लॅशला एक लहान ट्रिपल ए सेल लागतो. बटण सरकवल्यावर दिवा पेटेपर्यंत थांबावे लागते. फ्लॅश जेमतेम दोन-अडीच मीटर पोहोचतो, आणि एक मीटरच्या आतले काही स्पष्ट येत नाही, म्हणून माणसाला दोन पावलांवर उभे करावे. बघायची खिडकी भिंगाच्या जरा बाजूला असल्याने जवळच्या फोटोत डोके कापले जाते. वर थोडी जागा सोडावी.

एवढे कळेपर्यंत आजी मकरपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती आणि झोपाळाही काढला होता. माजघरात फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत तुळईतल्या चार कड्या अगदी स्वच्छ आल्या आहेत. आजीला तो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारले, "डावीकडची कडी तुझ्या आजोबांनी बदलली होती, दिसते का?" दिसते. ती इतरांपेक्षा जाड आहे.

रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हव्यात हे आवर्जून सांगा. काही ठिकाणी नुसते स्कॅन देतात आणि विचारले नाही तर फिल्म परत मिळत नाही. आल्यावर पट्ट्या बटर पेपरमध्ये ठेवून वर वर्ष आणि माणसांची नावे लिहावीत, आणि वडोदऱ्याच्या पावसाळ्यात त्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.

आमचा कॅमेरा मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना वापरून पाहायचा असेल त्यांनी रविवारी घेऊन जावा. रोल आणि सेल आपापला.