ओव्यांची बेगमी

मृग लागायच्या आधी मावळात घरोघरी बेगमीची घाई असते. फाटी पडवीत रचायची, गोवऱ्या झाकून ठेवायच्या, धान्याला शेवटचं ऊन दाखवायचं आणि पेरणीसाठी राखलेलं भाताचं बी ओल लागणार नाही अशा जागी हलवायचं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथली ओल भिंतीत शिरते, कपाटात शिरते, ट्रंकेतल्या लग्नाच्या अल्बमलाही सोडत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या इथल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : बी सगळं एका कणगीत ठेवायचं नाही.

पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी आणि शेजारचा मुळशी हा पुणे जिल्ह्याचा पश्चिमेकडचा डोंगरी पट्टा. बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्यांचा आज जगात सर्वांत मोठा म्हणता येईल असा जो संग्रह आहे, त्याची मुळं याच पट्ट्यात आहेत. एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बाया. हे सगळं आज कुणालाही, कुठेही, एक पैसा न मोजता वाचता येतं, आणि त्यातलं बरंचसं ऐकता येतं. चाळीसएक वर्षांत हा ठेवा वहीतून फितीवर, फितीवरून संगणकावर आणि संगणकावरून इंटरनेटवर कसा गेला आणि दरवेळी कसा वाचला, त्याचा हा मागोवा.

आधी जातं. दोन गोल दगड; खालचा स्थिर, वरचा फिरता. मधल्या खिळ्यावर वरचा दगड तोलला जातो, कडेला लाकडी खुंटा. एका हाताने तोंडात मूठभर धान्य सोडायचं, दुसऱ्याने खुंटा धरून ओढायचं. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते, नाहीतर पीठ भरडं पडतं. दोघी समोरासमोर बसल्या तर खुंटा दोघींचा, आणि ओवीही दोघींची : एकीने उचलायची, दुसरीने धरायची. पहाटे तीन-चारला, घरातले पुरुष झोपेत असताना हे चाले. आई, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, पुढे बाबासाहेब : जे चारचौघांत बोलायची सोय नव्हती ते जात्याशी बोललं गेलं. आणि या बाया चालीला ‘चाल’ म्हणत नाहीत, ‘गळा’ म्हणतात. ओवी कुठल्या गळ्यावर म्हणायची, असं त्या एकमेकींना विचारतात. हा शब्द लक्षात ठेवायला हवा, कारण संग्रहाची सर्वांत मोठी उणीव त्याच शब्दात आहे.

जातं बंद पडलं ते विजेमुळे. त्याचा इतिहासही इथलाच आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण, लोणावळा, शिरोता ही धरणं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधली गेली आणि १९१५पासून खोपोलीच्या वीजगृहातली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी शेवटी गावं पाण्याखाली गेलीच. ज्यांच्या डोंगरावरचं पाणी मुंबईला उजेड देत होतं, त्यांच्या वाड्यावस्त्यांवर वीज पोचायला पुढे कित्येक दशकं गेली. ती आली तेव्हा तिच्याबरोबर पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांवरचा भार उतरला, आणि ते उत्तमच झालं. कुणा बाईने पुन्हा पहाटे उठून दहा शेर दळावं, असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण जिथे बसून गाणं सुचायचं, ती जागाही त्याबरोबर उठली.

नेमक्या याच सुमारास दोन माणसं या डोंगरात हिंडत होती. गी पॉइत्वाँ हे फ्रान्समधून भारतात आलेले आणि इथलंच नागरिकत्व घेतलेले समाजशास्त्रज्ञ, आणि हेमा राईरकर या त्यांच्या सहकारी. १९८०मध्ये त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून डोंगरातल्या कष्टकऱ्यांशी त्यांचं नातं जडलं. पाणी, आरोग्य, शिक्षण, बायकांवरचा अन्याय अशा कामांसाठी बैठका भरायच्या, आणि त्या बैठकांतच त्यांना ओव्या भेटल्या. ही संशोधकाने बाहेरून येऊन केलेली ‘गोळाबेरीज’ नव्हती. मुळशीतल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्यासारख्या संघटनेच्या कार्यकर्त्या स्वतःच ओव्या गाणाऱ्या होत्या. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या आया, सासवा, शेजारणी यांच्याकडून ऐकून ओव्या लिहून घेतल्या. वीसएक वर्षं हे चाललं.

या कामातली एक सवय सोन्याच्या मोलाची ठरली. ओवी लिहिली की तिच्याबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहायचा. मग विषय ठरवून तिला अक्षर-आकड्यांचा संकेत द्यायचा. संग्रहातली एक नोंद उघडली की आधी हे सगळं दिसतं, मग दोन ओळींची ओवी. लोकगीतांच्या बहुतेक जुन्या छापील पुस्तकांत गाणारी बाई ‘एक ग्रामीण स्त्री’ होऊन विरून गेलेली असते. इथे ती नावानिशी उभी आहे.

मावळच्या माणसाला हे नवं वाटू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांनी नेमकं हेच केलं आहे. धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, तिथलाच सुतार सामी, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल : कुणी काय दिलं, तो कुठला, काय करणारा, हे त्या-त्या दानाच्या शेजारीच कोरलेलं आहे. धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर अभ्यासक आजही वाद घालतात, पण सिंहदत्ताचं नाव त्याच्या दारापासून सुटलेलं नाही. माहिती वस्तूला चिकटलेली असली की दोन्ही टिकतात. संगणकाच्या फायलींनाही हाच नियम लागू आहे.

नव्वदच्या दशकात आवाज मुद्रित करायची वेळ आली. बर्नार बेल हे फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रातले, संगीताचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करणारे संशोधक प्रकल्पात आले. त्यांनी नोंदींचा डेटाबेस बांधला आणि सहकाऱ्यांबरोबर गावोगाव जाऊन १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. १९९६मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावी गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मुद्रित झाला. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना तो विसरता येत नाही. योगायोग असा की इंटरनेटवरचं साहित्य जपून ठेवणारं ‘इंटरनेट आर्काइव्ह’ अमेरिकेत सुरू झालं तेही १९९६मध्येच.

रजनी खळदकर यांनी ओव्या देवनागरीत संगणकावर चढवल्या. हे काम किती किचकट, ते त्या काळात मराठी टाइप केलेल्या कुणालाही सांगायला नको. तेव्हा प्रत्येक फाँटची कळफलकाशी वेगळी सोयरीक असे. फाँट बदलला की अख्खं पान अगम्य चिन्हांचं होऊन जाई. मराठी मासिकांचे, प्रकाशकांचे कितीतरी अंक असेच सीडीत पडून आहेत : फाइल शाबूत, पण वाचता येत नाही. युनिकोडने हा प्रश्न पुढे सोडवला, पण जुना मजकूर आपोआप नवा होत नाही. कुणीतरी बसून तो उलटावा लागतो.

फितींचं तसंच. चुंबकीय फितीवरचा लेप दमट हवेत पाणी शोषतो, चिकट होतो, बुरशी धरते. आणि फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र बनायचं बंद होतं. म्हणून एकदा साठवलं की झालं, असं या कामात कधीच नसतं. दर दहा-पंधरा वर्षांनी सगळा माल एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काढावा लागतो.

ओव्यांच्या बाबतीत शहाणपण असं झालं की भांडी अनेक होती आणि ती लांब-लांब ठेवली गेली. एक प्रत अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या गुरगावातल्या संगीत-अभिलेखागारात गेली. दुसरी बेल यांनी फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या वाणी आणि भाषाविषयक संग्रहात ठेवली. तिथे तर ओव्यांचा संच दीर्घकालीन जतनाच्या ‘ओएआयएस’ या पद्धतीसाठी नमुना म्हणून वापरला गेला. हे प्रमाणक मुळात तयार केलं ते अंतराळ संस्थांनी : उपग्रहांनी पाठवलेली माहिती पन्नास वर्षांनंतरच्या माणसालाही समजावी म्हणून. आयएसओने ते २००३मध्ये १४७२१ या क्रमांकाने स्वीकारलं. त्याचा गाभा साधा आहे : नुसता आवाज ठेवू नका, तो कसा वाचायचा, कुणाचा, कुठला, केव्हाचा, हेही त्याच गाठोड्यात बांधा. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वहीत नाव-गाव लिहिलं होतं म्हणून हे गाठोडं बांधता आलं.

एकच प्रत असण्याची किंमत पुण्याने त्याच वर्षी मोजली. ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. ज्या चित्रपटांची प्रत दुसरीकडे होती तेवढे वाचले.

पुढच्याच वर्षी, २००४मध्ये, पॉइत्वाँ गेले, २०१०मध्ये हेमाताई. काम थंडावलं. आता संग्रहाला धोका आगीचा किंवा बुरशीचा नव्हता, तर विसरला जाण्याचा होता. तिजोरीत सुरक्षित असलेली आणि कुणीच न ऐकणारी ओवी जिवंत म्हणायची का? इथे बेल यांनी टाकलेलं पाऊल निर्णायक ठरलं. त्यांनी सगळा ठेवा पी. साईनाथ यांनी स्थापलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’कडे, म्हणजे ‘पारी’कडे, सोपवायचं ठरवलं. मार्च २०१७पासून ओव्या तिथे क्रमाने येऊ लागल्या. नमिता वाईकर यांनी प्रकल्पाची धुरा घेतली. आशा ओगले, रजनी खळदकर, जितेंद्र मैड ही जुनी मंडळी पुन्हा कामाला लागली.

त्यांनी नुसत्या फायली चढवल्या नाहीत, ते गावांत परत गेले. वीस वर्षांपूर्वीची नावं-गावं हातात घेऊन गाणाऱ्यांचा शोध घेतला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या राधाबाई बोऱ्हाडे १९९६मध्ये मुद्रित झाल्या होत्या. त्या पुन्हा भेटल्या. मुळशीतल्या बायांनी पुन्हा जात्यापाशी बसून गाऊन दाखवलं, यावेळी चित्रणासकट. जतनाच्या कामात याहून मोठं काही घडत असेल असं वाटत नाही : ठेव ज्यांची, त्यांच्या दारात ती परत जाणं.

त्याच काळात फुकट मिळणाऱ्या जागेचं आयुष्य किती असतं, हेही जगाला कळून चुकलं. लोहगड, तिकोना, राजमाची चढणाऱ्यांनी नकाशावर टाचलेली छायाचित्रं ज्या ‘पॅनोरामिओ’वर होती, ते संकेतस्थळ नोव्हेंबर २०१६मध्ये बंद झालं. ‘मायस्पेस’वर २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना गेलं, ते २०१९मध्ये उघड झालं. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, आणि तिचा प्रचंड ध्वनिसंग्रह वाचकांसाठी दीर्घकाळ बंद राहिला. बरोबर वर्षाने इंटरनेट आर्काइव्हवरही हल्ला झाला. धनाढ्य कंपनी, शतकांची परंपरा असलेली संस्था, सेवाभावी संस्था : कुठलीच कणगी एकटीने पुरेशी नाही.

या हिशेबाने ओव्यांची स्थिती बरी आहे. पण उणीव आहे, आणि ती मोठी आहे. एक लाख दहा हजार ओव्यांपुढे १२० तासांचं ध्वनिमुद्रण म्हणजे मूठभर. बहुतेक ओव्यांचे शब्द आहेत, गळा नाही. तो त्या बाईबरोबर गेला. सुरुवातीच्या काळात लिहून घेतलेल्या ओव्यांचं तर पुष्कळदा असंच झालं असणार, कारण तेव्हा हाती वही होती, यंत्र नव्हतं. ज्या डोंगरातून काम सुरू झालं त्याला याची झळ सर्वाधिक लागली असेल, तर त्याचं वाईट वाटतं.

ऐंशीच्या दशकात विशी-पंचविशीत असलेली मावळातली सून आज साठीच्या पुढे आहे. हळदीच्या दिवशी अजून जात्याला सुपारी-हळकुंड बांधतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात, आणि एखादी आजी दोन ओव्या म्हणते. हल्ली चार मोबाइल वर होतात आणि ते गाणं जेवणं उरकायच्या आत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतं. तिथे ते दाबून लहान केलं जातं, फायलीचं नाव बदलतं, कुणी म्हटलं आणि कुठल्या गावात हे कधीच लिहिलेलं नसतं. दोन वर्षांनी फोन भरला की सर्वांत आधी हीच चित्रफीत पुसली जाते.

हे टाळायला लागतं ते फार थोडं. मूळ फाइल जशीच्या तशी काढून घ्यायची. आजीला विचारून तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख लिहायची. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्या-मुंबईतल्या भावाकडे ठेवायची आणि आजीची हरकत नसेल तर एक प्रत विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त संग्रहात चढवायची. माहेर लिहायचं ते यासाठी की गळा बहुधा माहेराहून आलेला असतो. पवन मावळात दिलेली मुलगी मुळशीचा गळा घेऊन आली असेल, तर ते फक्त त्या एका ओळीवरून कळेल.